नेत्रावळीच्या वाटेवर ट्रेकिंग सँडल
मडगावच्या बाजारातनं घेतलेले ट्रेकिंग सँडल घालून मार्चमध्ये एकटीच गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यात गेले, नदीच्या कडेकडेनं जंगलातून चालत शेवटी गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी. ओल्या दगडावर ग्रीप एकदम भारी, भिजले तरी चालता चालता सुकतात, पण वाळू आत गेली की पट्टा घासतो त्यामुळे पातळ मोजे घालाच (ध्यान दिसतं, पण कोण बघतंय तिथं!). सुक्या पानांवर मात्र सटकतात, आणि पावसात जळवा असतात तेव्हा बोटं उघडी नकोत, बूटच बरे. तळीत टाळी वाजवली की बुडबुडे वाढतात म्हणे, मला काय फरक दिसला नाही. अभयारण्य 211 चौ. किमी आहे, पाणी घरूनच न्या. किमतीच्या मानानं चार स्टार.