घरचं आयएनआर मशीन: आठ महिने आणि अकरा फुकट गेलेल्या पट्ट्या

आयएनआर म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा जोर किती ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जोर कमी. मशीन कसं चालवायचं ते सांगत बसत नाही, ज्यांना लागतं त्यांना ते ठाऊक असतं. बोलायचंय ते बोटातला रक्ताचा थेंब ज्यावर घेतात त्या पट्टीबद्दल. एक पट्टी मला पाचशेच्या आसपास पडते. टोचल्यावर १५ सेकंदांत थेंब लागला नाही किंवा कमी पडला, की 'एरर', आणि पाचशे रुपये कचऱ्यात. अशा अकरा गेल्या, हिशोब वहीत आहे. थंडीत बोटं गार पडली की हमखास. कस्टमर केअरवाले म्हणतात, "सर, हात कोमट पाण्यात धरा." धरतो हो, पण गेलेल्या पट्टीचं काय?

तीन महिन्यांपूर्वी मी याला एक स्टार दिला होता. तो मागे घेतोय, कारण सांगतो.

किडनी ट्रान्सप्लांटला सहा वर्षं झाली. पायाच्या शिरेत गुठळी झाल्यापासून असिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, आयएनआर २ ते ३ ठेवायचा. साखर वाढायला लागली म्हणून डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनच्या टॅक्रो आणि मायकोफेनोलेट या गोळ्या तशाच. आणि इकडे आकडा घसरला: २.६, २.१, मग १.७! आधी बायकोच्या पालकाच्या भाजीला दोष दिला, मग मशीनला. वैतागून लॅबमध्ये रक्त दिलं. १.८. म्हणजे मशीन खरंच बोलत होतं.

डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड असिट्रॉमचा जोर वाढवतं, ते गेलं की आकडा उतरू शकतो. असिट्रॉम अर्धी गोळी वाढवून दिली. (आपल्या मनाने वाढवू नका, मला तो मोह झाला होता.)

गंमत अशी की स्टेरॉइडने रक्त गोठवणारा आठवा घटक आणि फॉन विलेब्रांड घटक वाढतो, गुठळी विरघळू न देणारं पीएआय-१ही वाढतं. म्हणजे स्टेरॉइड थांबल्यावर गोठण्याकडचा हा कल उलट कमी व्हायला हवा. पण यातलं काहीच आयएनआरमध्ये दिसत नाही. पट्टी पाहते ते वेगळंच, असिट्रॉमचा जोर. तेव्हा १.७ दिसला म्हणून रक्त पूर्वीपेक्षा घट्ट झालं असं सरळ म्हणता येत नाही, आणि गुठळी होऊन गेलेल्या माणसाला १.७ वर निवांत बसताही येत नाही.

आता २.४ आहे. तीन स्टार. चौथा देणार होतो, पण आज सकाळी बारावी पट्टी गेली.