ड्रंक अँड ड्राइव्हची केस लागलीय: गुन्हा कबूल करून मोकळं व्हायचं की लढायचं?

नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा वर आला, लायसन जमा झालं आणि हातात कोर्टाच्या तारखेचा कागद आला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो, कोर्टात जाऊन दंड भरून विषय संपवायचा की वकील लावून केस लढायची. मित्रमंडळी दोन्हीकडून सल्ले देतात आणि त्यातले बहुतेक सल्ले फक्त पैशांचा हिशोब करून दिलेले असतात. मला विचाराल तर हा निर्णय दंडाच्या रकमेवरून घेऊच नका, हातातले कागद बघून घ्या. मशीनची प्रिंट, त्यावरच्या वेळा, अपघात होता की नाही आणि ही पहिली केस आहे की दुसरी, एवढं नीट तपासलं तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

आधी कायदा काय म्हणतो ते, कारण चुकीच्या समजुती खूप आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ब्रेथ अॅनालायझरमध्ये किंवा लॅबच्या टेस्टमध्ये निघालं की गुन्हा झाला, तुम्ही झोकांड्या खात होतात की सरळ चालत होतात हे तिथे बघत नाहीत. गाडी चालवणं आणि चालवायचा प्रयत्न करणं दोन्ही त्यात येतं. ड्रग्जची बाजू वेगळी आहे, तिथे आकडा नाही, गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता का ते बघतात. १ सप्टेंबर २०१९ पासून शिक्षा वाढली. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्याआधी दंड पहिल्यांदा २,००० आणि दुसऱ्यांदा ३,००० पर्यंत होता, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तरच दुसरा गुन्हा धरायचे. ती तीन वर्षांची अट आता काढून टाकलीय. म्हणजे आज कबूल केलेली केस आठ वर्षांनीसुद्धा "पहिली" म्हणून पुढे येऊ शकते, आणि कबुलीचा सल्ला देणारे हीच गोष्ट सांगत नाहीत.

अजून एक, हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटणारा नाही. कलम २०० मध्ये जे गुन्हे तडजोडीने मिटतात त्यांच्या यादीत १८५ नाहीये, त्यामुळे कोर्टाची पायरी चढावीच लागते. रस्त्यावर कुणी "इथेच मिटवू" म्हणत असेल तर तो कायद्याचा रस्ता नाही. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे अटक झाली तरी जामीन हा तुमचा हक्क असतो.

कबूल केलं तर

कोर्टात उभं राहायचं, आरोप वाचून दाखवतात, मान्य आहे का विचारतात, हो म्हटलं की शिक्षा. बऱ्याचदा सगळं एका तारखेत आटपतं. वकिलाशिवायही करता येतं. पहिली केस, अपघात नाही, वागणूक नीट असेल तर दंडावर भागण्याची शक्यता बरीच असते, पण कायद्यात कैद आहे आणि ती द्यायची की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवतात, त्यामुळे "फक्त दंडच होणार" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

लोक कबुलीला पावती समजतात पण ती दोषसिद्धी असते, म्हणजे नंतर कुठल्याही फॉर्ममध्ये "तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का" असं विचारलं की खरं उत्तर हो. शिवाय कबुलीनंतर अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच करता येतं, मशीन चुकीचं होतं हा मुद्दा मग काढता येत नाही. आणि दुसऱ्यांदा १८५ मध्ये दोषी ठरलात तर कलम २२ प्रमाणे कोर्टाला लायसन रद्द करावंच लागतं, तिथे दयामाया नाही.

लढलात तर

तारखा पडतात. पोलीस साक्षीला येणार, मशीनची प्रिंट, डॉक्टरचा रिपोर्ट असेल तर तो, सगळं पुराव्यात येणार, तुमचा वकील उलटतपासणी घेणार. किती महिने किंवा वर्षं जातील ते त्या कोर्टात किती केसेस तुंबल्यात त्यावर असतं. वकिलाची फी सहज दंडापेक्षा जास्त होते. कामाचे दिवस बुडतात. मॅजिस्ट्रेटनी परवानगी दिली तर प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहावं लागत नाही, पण ती परवानगी मागावी लागते, न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं. सुटलात तर नावावर दोषसिद्धी नाही, पुढे कधी सापडलात तर तीच पहिली. हरलात तर शिक्षा तीच, आणि सुरुवातीलाच कबूल केलं असतं तर कोर्टाने जो सौम्यपणा दाखवला असता तो मिळेलच असं नाही.

आता मुख्य भाग, कुठल्या केसमध्ये लढण्यात दम असतो.

पहिलं बघा आकडा. मशीन श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि २१०० ला १ अशा ठरीव गुणोत्तराने रक्ताचा आकडा काढतं, पण हे गुणोत्तर सरासरी आहे, प्रत्येक माणसाचं थोडं वेगळं. म्हणून आकडा ३४-३६ असेल तर मशीनचं कॅलिब्रेशन (ते बरोबर मोजतंय ना ह्याची तपासणी) कधी झालं, त्याचं सर्टिफिकेट आहे का, तुम्ही फुंकायच्या आधी कोरी टेस्ट घेऊन शून्य आलं होतं का, हे सगळे प्रश्न खरोखर जड होतात. तोंडात नुकतंच माउथवॉश किंवा दारू गेली असेल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडा उगाच फुगतो, हेही अशा काठावरच्या केसमध्ये कामाचं. पण प्रिंटवर १४० असेल तर कॅलिब्रेशनच्या गप्पा मारून फार काही हाती लागणार नाही, इतकी चूक मशीन सहसा करत नाही हे कोर्टालाही कळतं.

मग वेळा. कलम २०२ प्रमाणे पोलिसांनी १८५ साठी अटक केली तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर कोठडीतून सोडावं लागतं. इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे की दोन तास उलटले म्हणजे केसच संपली. कायद्यात शब्द कोठडीतून सोडण्याचे आहेत, केस रद्द होण्याचे नाहीत. वकील तो मुद्दा मांडतात आणि मांडायलाच हवा, पण फक्त त्यावर भिस्त ठेवून लढायला निघू नका. उशिरा रक्त घेतलं आणि आकडा कमी आला तर लगेच "बघा, मशीन खोटं" असंही म्हणता येत नाही, कारण १०० मिलि रक्तातलं साधारण १५ ते २० मिलिग्रॅम अल्कोहोल शरीर तासाला संपवतं, दोन तासांत तेवढा फरक पडणारच. ह्याच हिशोबाने रात्री १४० असलेला माणूस ३० च्या खाली यायला साडेपाच ते साधारण साडेसात तास लागतात, म्हणून झोप काढून सकाळी गाडी काढणारेही सापडतात आणि त्यांना ते पटतच नाही.

रक्ताचा नमुना असेल तर तो कसा घेतला ते बघा. सुई टोचायची जागा स्पिरिटने पुसली का, बाटलीत सोडियम फ्लोराइडसारखं टिकवणारं द्रव्य होतं का, सील कुणी केलं, लॅबला पोचेपर्यंत कुठे आणि किती दिवस पडून होता. नीट न ठेवलेल्या रक्तात आंबून अल्कोहोल तयार होऊ शकतं, त्यामुळे ही साखळी तुटलेली असेल तर बचावाला खरा आधार मिळतो. बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी बाई तिथे हजर असावी लागते, हे कलम २०४ मध्ये स्पष्ट आहे.

टेस्टच झाली नसेल आणि केस नुसती तोंडाला वास, डोळे लाल, चाल अडखळती एवढ्यावर उभी असेल तर लढा, माझं स्पष्ट मत. १८५ च्या दारूच्या भागाला आकडाच लागतो, आणि बाचूभाई हसनअली कारयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या १९७१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अशा लक्षणांवरून माणूस नशेत होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. पण म्हणून "फुंकायचंच नाही" हा सल्ला कुणी देत असेल तर तो अजिबात ऐकू नका! नकार दिला आणि पोलिसांना दारूचा संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक करता येते, मग ठाण्यात रक्त मागता येतं, आणि कलम २०५ प्रमाणे योग्य कारण नसेल तर तो नकारच तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो.

लायसन, नोकरी, पासपोर्ट

लायसनच्या बाबतीत दोन्ही रस्त्यांत वाटतो तेवढा फरक नाही. पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि तिथे कलम १९ ची वेगळी कारवाई चालते, त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट बघत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये दारू पिऊन चालवणाऱ्यांचं लायसन किमान तीन महिने निलंबित करायला सांगितलंय. म्हणजे केस लढवली तरी आरटीओच्या नोटिशीला वेगळं उत्तर द्यावंच लागतं, आणि ज्यांचं पोटच गाडीवर आहे त्यांनी तर ते आधी द्यावं, कोर्टाची तारीख नंतर येते.

पासपोर्टमध्ये मात्र गंमत उलटी आहे. कोर्टात फौजदारी केस चालू असेल तर पासपोर्ट अडतो, कोर्टाची परवानगी आणावी लागते, म्हणजे लढणाऱ्याचाच त्रास जास्त. कबूल करून दंड भरलेल्याचं हे शुक्लकाष्ठ संपतं. परदेशी व्हिसाच्या फॉर्ममध्ये उलट, तिथे शिक्षा झाली का हे विचारतात. कॅनडा २०१८ च्या डिसेंबरपासून दारू पिऊन चालवण्याला गंभीर गुन्ह्यात धरतो, त्यांची मर्यादा ८० आहे, त्यामुळे तुमचा आकडा ३५ होता की १४० ह्याने तिथे फरक पडू शकतो. बाहेर जायचा विचार असेल तर कबुली देण्याआधी त्या देशाचे नियम माहीत असलेल्या माणसाशी बोला, नंतर बोलून उपयोग नाही.

सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये काहीही लपवू नका, केस चालू असो की संपलेली. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार ह्या २०१६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की माहिती खरी द्यायला हवी, आणि खरी दिली तर केस किरकोळ आहे का ते मालकाने बघायचं.

अपघात झाला असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा

कुणाला लागलं, कुणी गेलं, तर १८५ ची कबुली एकट्याने जाऊन देणं म्हणजे दुसऱ्या मोठ्या केसमध्ये आपल्याच हाताने पुरावा देणं. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहिता कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं तर त्याहून जास्त. मुंबईतल्या २००६ च्या कार्टर रोड अपघातात फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले, आणि २०१२ मध्ये ती गाडी चालवणाऱ्या अॅलिस्टर परेराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली, दारू पिऊन चालवणाऱ्याला परिणाम माहीत असतो असं धरून. ती माणसं दिवसभर राबून झोपली होती हो, त्यांच्या घरच्यांच्या बाजूने विचार केला की बचावाचे मुद्दे लिहितानाही हात जड होतो. तरीही कायदेशीर बचाव आरोपीचा हक्क आहे आणि तो पहिल्या दिवसापासून वकिलामार्फतच घ्यावा.

इन्शुरन्सही इथेच बघून घ्या. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे कंपनी नाकारू शकते, २०२१ च्या पर्ल बेव्हरेजेस केसमध्ये तर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ब्रेथ टेस्ट झालेली नसली तरी बाकी परिस्थितीवरून दारू सिद्ध होऊ शकते. आणि शेजारी बसून "चल रे, काही होत नाही" म्हणत चावी हातात देणाऱ्यानेही वाचावं, कलम १८८ प्रमाणे १८५ ला चिथावणी देणाऱ्याला तीच शिक्षा आहे.

तर माझ्या मते कुणी काय करावं. पहिली केस, आकडा स्पष्ट वर, प्रिंटवर वेळ आणि नाव बरोबर, अपघात नाही, बाहेरदेशी जायचं नाही, तर कबुली द्यायला हरकत नाही, ते प्रामाणिकही आहे, फक्त ही आयुष्यभराची पहिली नोंद आहे हे समजून द्या. दुसरी केस असेल तर एकट्याने कबूल करू नका, लायसन रद्द होतंय. आकडा काठावर, टेस्ट नाही, किंवा गाडी तुम्ही चालवतच नव्हतात, तर लढा.

आणि कबूल करायचंच ठरवलं तरी आधी एकदा एखाद्या वकिलाला सगळे कागद दाखवा, एका भेटीचे पैसे फार होत नाहीत. त्याला विचारा की प्रिंटमध्ये दोष दिसतो का, आरटीओचं उत्तर तोच देईल का, फी तारखेप्रमाणे की पूर्ण केसची. "शंभर टक्के सोडवतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. पैसे नसतील तर बायका, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, कोठडीत असलेले आणि कमी उत्पन्नाचे ह्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००, तारखेच्या आदल्या दिवशी नाही तर कागद हातात पडला की लगेच फोन करा.