२.५ गिगाबिटचं लॅन कार्ड, आठ महिन्यांनंतर: दोनाचे चार स्टार करतोय

मार्चमध्ये मी पीसीला नेटवर्कच्या केबलशी जोडणाऱ्या या कार्डाला दोन स्टार देऊन बरंच काही सुनावलं होतं. ते मागे घेतोय.

स्पेक्स सगळ्यांना ठाऊक आहेत. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, फायली बाहेरच्या खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावर) असतात, त्यात वेगवान एसएसडी डिस्क. दोन्हीकडे २.५ची कार्डं आणि मध्ये त्यांना जोडणारा २.५चा स्विच. पहिल्या दिवशी कॉपी सेकंदाला २८० एमबीने गेली. जुन्या गिगाबिटवर ११२च्या आसपास रखडायची. बायकोला हाक मारून दाखवलं. "यासाठी गॅस बंद करून आले?" एवढंच म्हणाली.

पाचव्या महिन्यात कॉपी एकदम ११ एमबीवर आली. लिंक स्पीड, म्हणजे जोडणीचा वेग, बघतो तर १०० मेगाबिट! ड्रायव्हर बदलले, वीज वाचवणारं 'ग्रीन इथरनेट' सेटिंग बंद केलं, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. ढिम्म. सर्व्हिस सेंटरने "कार्ड ओके आहे" म्हणून परत पाठवलं, तेव्हा फोनवर मी त्यांची पार बिनपाण्याने केली. तेच स्टार दोन.

मग एका रविवारी पीसी उचलून नॅसशेजारी नेला आणि दोन्हीकडे छोट्या पॅचकॉर्डी (तयार केबली) लावल्या. २८०. म्हणजे घोळ भिंतीतल्या केबलचा.

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००ची लिंक दोनच जोड्यांवर चालते. गिगाबिट आणि त्याच्या वर चारही लागतात. माझी तपकिरी जोडीतली एक तार जॅकच्या तोंडाशी तुटली होती आणि कार्ड गुपचूप १००वर उतरलं होतं. ती तार ब्लेडने खरवडली तर वर तांब्याचा नुसता मुलामा, आत चंदेरी. ॲल्युमिनियम! दोनदा वाकवली, तिसऱ्यांदा हातात आली. केबलच्या बॉक्सवर मात्र ठसठशीत 'कॅट सिक्स', म्हणजे केबलचा दर्जा.

दुकानदार म्हणे, "साहेब, सगळे हीच नेतात." ३०५ मीटरचा अख्खा बॉक्स त्या पोराने एका हाताने काउंटरवर ठेवला होता, मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मीटरमागे दहा रुपये वाचत होते. वीस मीटरचे दोनशे. नंतर वायरमनने केबल बदलायचे नऊशे घेतले, शिवाय नवी केबल.

नवी कॅट सिक्सच आहे, पण अस्सल तांब्याची. घासाघीस न करता घेतली, आयुष्यात पहिल्यांदा. कॅट सेव्हन, कॅट एटच्या जाहिरातींना भुलू नका. २.५साठी तांब्याची कॅट फाइव्ह ई सुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते. पुढे १० गिगाबिट केलंच तरी कॅट सिक्स ५५ मीटरपर्यंत चालते, आणि एवढं लांब घर आहे कोणाचं?

पाचवा स्टार कापलाय तो दिव्यासाठी. या कार्डाचा दिवा १०० मेगाबिटवर हिरवा आणि २.५ गिगाबिटवरही हिरवाच. रंग बदलला असता तर माझा मार्च वाचला असता.