काकूच्या गळ्यातलं जीपीएस: पाच महिने वापरून

फेब्रुवारीत तपकीर गल्लीतून घेतलं. ४,३०० रुपये, सिमचं रिचार्ज वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानदारच म्हणाला, "साहेब, आतला माल सगळ्यांचा सारखाच, डबे वेगळे." काडेपेटीपेक्षा जरा लहान, काळं, मधोमध लाल बटण. पाचपैकी तीन तारे. का, ते सांगतो, पण आधी हे घ्यायची वेळ का आली ते सांगावं लागेल.

जून २०१९. पालख्या पुण्यातून निघाल्या त्या पहाटे काका घरातून गेले. वय ७४. गेलं वर्षभर विसरायला लागले होते, दूध आणून पुन्हा दूध आणायला निघायचे. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात ५.४० ला नाना पेठेच्या दिशेनं चालताना दिसले, हातात छत्री. तेवढंच. शेजारी म्हणाले, चोवीस तास थांबावं लागतं, म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. असा काहीही नियम नाही. माणूस दिसत नाही म्हटल्यावर लगेच चौकीत जा, ११२ लावा, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे ती लावा. मिसिंग नोंदवताना हवालदारानं विचारलं, वर्ण? निमगोरा. बांधा? सडपातळ. पायात काय? तिथं आम्ही अडलो. काकांची चप्पल दारातच होती, ते बाबांची घालून गेले होते.

ससून रुग्णालय पाहून झालं, पंढरपूरचं पासष्ट एकर, म्हणजे वारकऱ्यांच्या मुक्कामाचं मैदान, पाहून झालं, चंद्रभागेचं वाळवंट पाहून झालं. पुढच्या वारीत शोधू म्हटलं, तर २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षं पादुका एसटीनं गेल्या. काका तसे वारकरी नव्हतेच. काकूनं ओढून नेलं तर देवळात जायचे.

आता काकू ७१ची. हे यंत्र घेण्याआधी एकदा ओंकारेश्वराच्या देवळातून येताना तिनं एका रिक्षावाल्याला आमचा जुना पत्ता सांगितला. तेव्हा मी धसका घेतला आणि हे यंत्र आणलं.

पहिली तक्रार बॅटरीची. डब्यावर पाच दिवस लिहिलंय. दर पाच मिनिटांनी जागा कळवायला लावलं तर दीड दिवसात मान टाकतं. रोज रात्री देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावतो. दुसरी गोष्ट, घेताना ते फोर-जी आहे का बघा. स्वस्तातली बरीच टू-जीवर चालतात, त्यात जिओचं सिम घातलं तर उपयोग शून्य, कारण जिओचं टू-जी जाळंच नाही.

तिसरी मोठी. आमचा नारायण पेठेतला वाडा, दोन-दोन फुटी भिंती. आत उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, मग यंत्र मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधतं आणि तो अंदाज काहीशे मीटर इकडेतिकडे जातो. मार्चमध्ये रात्री तीनला फोन किंचाळला: "सदस्य सुरक्षित क्षेत्राबाहेर." नकाशावर निळा ठिपका भिडे पुलाच्या खाली, नदीच्या पात्रात. मी अनवाणी माजघरात धावलो. काकू घोरत होती. यंत्र देव्हाऱ्यापाशी, दिवा हिरवा. त्यानंतर मी सुरक्षित क्षेत्राचं वर्तुळ ५०० मीटरचं केलं. तुम्हीही करा, नाहीतर झोप विसरा.

लाल बटण तीन सेकंद दाबलं की तीन नंबरांना फोन जातात. काकू पोळ्या लाटताना ते ओट्यावर दाबलं गेलं आणि औंधहून आत्येबहीण टॅक्सी करून आली. पोळ्या खाऊन गेली. गुपचूप फोन लावून आजूबाजूचं बोलणं ऐकायचीही सोय आहे. ती मी बंद केली. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं चोरून काय ऐकायचं!

गळ्यात घालायला मात्र तिनं महिनाभर नकार दिला. "मी काय गाय आहे, घंटा बांधायला?" शेवटी स्वतःच दोऱ्यात ओवून मंगळसूत्राच्या वाट्यांशेजारी बांधलं. मंगळसूत्राचा विषय आमच्या घरात निघत नाही. सात वर्षं माणसाची खबर नसली की कायदा तो हयात नाही असं धरतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता साक्ष अधिनियमाचं १११. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा काकू उठून चहा ठेवायला गेली.

आणि मग यंदाचा जून. पालख्या निघाल्या त्या सकाळी उठून बघतो तर अंथरूण रिकामं. ॲप उघडलं. ठिपका पुलगेटच्या पुढे, सोलापूर रस्त्यावर, मुंगीच्या चालीनं. गर्दीत नेटवर्क असं तुंबलं की वीस-वीस मिनिटं ठिपका हलेना, पण खोटं बोलला नाही. रस्ते बंद, स्कूटर आतल्या गल्ल्यांतून काढत हडपसर गाडीतळ गाठलं. माउलींची पालखी तिथून सासवडकडे वळते, तुकोबांची लोणीकडे. काकू दुभाजकाच्या कडेला उभी होती, पदर डोक्यावर, येणाऱ्या दिंडीतला एकेक म्हातारा निरखत. दोन वर्षं पालख्या आल्याच नाहीत, ती सोडली तर ती दरवर्षी इथं येते, हे मला तेव्हा कळलं.

मला बघून दचकली नाही. म्हणाली, "बरं झालं आलास. मी एकटी दोन्हीकडं कशी बघणार? तू लोणीच्या बाजूला उभा राहा."

राहिलो. अकरा वाजेपर्यंत.

बॅटरी तेव्हा ३४ टक्के होती. महिन्याचं रिचार्ज की वर्षाचं, असं गेल्या आठवड्यात दुकानदारानं विचारलं. वर्षाचं केलं, म्हणजे पुढची वारी त्यात येते.