गॅल्डिटचा नकाशा की विहिरीतलं क्लोराइड?

किनाऱ्यालगतच्या भूजलात समुद्र शिरण्याचा धोका किती, हे ठरवायचं तर दोन वाटा आहेत. गॅल्डिट निर्देशांक (सहा घटकांना गुण आणि वजनं देऊन येणारा धोक्याचा आकडा) काढून तालुक्याचा रंगीत नकाशा करायचा, किंवा निवडक विहिरींची पातळी, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज), क्लोराइड आणि बायकार्बोनेट वर्षभर मोजत राहायचं. कोकणात मी दोन्ही करून पाहिलं. जमिनीच्या विद्युत प्रतिरोधाची चाचणी आहेच, पण खारं पाणी आणि चिकणमाती दोन्ही कमी रोध दाखवतात, त्यामुळे एकट्या तिच्यावर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

गॅल्डिट तसं आपल्याच भागातलं. गोवा विद्यापीठाचे चचडी आणि लिस्बनचे लोबो-फेरेरा यांनी मांडलेलं, बार्देशात वापरलेलं. पाणी अजून गोड असतानाच पुढचा धोका सांगणं हे त्याचं खरं बळ. समुद्र अर्धा मीटर चढला तर काय, हा प्रश्न विहिरीला विचारता येत नाही, गॅल्डिटला येतो. संपूर्ण तालुक्याचं नियोजन हातात असेल तर या गुणाला तोड नाही.

माझं घोडं अडलं ते गॅल्डिटच्या ‘एल’ या घटकापाशी, म्हणजे समुद्रसपाटीपासून भूजलाच्या उंचीपाशी. त्याचं वजन 4, एकूण 15 पैकी. गुणांकनाचे टप्पे अर्ध्या अर्ध्या मीटरचे: 2 मीटरच्या वर असाल तर 2.5 गुण, 1 मीटरच्या खाली गेलात तर थेट 10. कठड्यापासून पाणी किती खोल, हे टेपनं सेंटिमीटरपर्यंत मिळतं. पण तो कठडाच समुद्रसपाटीपासून किती उंच? फुकट मिळणारा एसआरटीएमचा (अंतराळयानातल्या रडारनं केलेला) उंची-नकाशा पूर्ण मीटरांत बोलतो, आणि माडांच्या बागेत तर जमिनीऐवजी झावळ्यांजवळची उंची सांगतो. साध्या जीपीएसची कच्ची उंची आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीपेक्षा पन्नासहून अधिक मीटर खाली दिसते. जिऑइडची, म्हणजे खऱ्या समुद्रसपाटीच्या पृष्ठाची, दुरुस्ती केली तरी काही मीटरांचं डळमळणं उरतंच. आता हिशेब करा: एकट्या ‘एल’चा गुण 2.5 वरून 10 वर गेला तर निर्देशांक पूर्ण 2 ने वाढतो, आणि ‘मध्यम’ धोक्याचा सगळा पट्टा 5 ते 7.5 एवढाच. शेजारशेजारच्या दोन विहिरी, पाणी पिऊन फरक कळू नये अशा, नकाशात वेगळ्या रंगात आल्या की गावकऱ्यांना काय सांगायचं?

त्यात क्लोराइड-बायकार्बोनेट गुणोत्तराचं वजन फक्त 1. खारेपणाचा अंश पाण्यात प्रत्यक्ष दाखवणारा घटक हाच. धोका आणि झालेलं नुकसान वेगळं, हा त्यामागचा तर्क मला पटतो, तरी खटकतंच.

मोजणीची वाट रटाळ आहे, हे मान्य. एक पावसाळा आणि एक मे महिना हाताशी लागतो, आणि विहीर नाही तिथलं काहीच कळत नाही. नुसत्या ईसीवर विसंबलात तर शोषखड्ड्यालाही समुद्र समजाल, म्हणून गुणोत्तर हवंच. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (वजनाऐवजी आयनांच्या विद्युतभारावर मोजणाऱ्या एककात) ते 1 च्या आत असेल तर मी निश्चिंत असतो. 2 च्या वर गेलं आणि मे महिन्यात आणखी चढलं तर शंकेला फारशी जागा उरत नाही. बाटली भरल्यावर बायकार्बोनेट लगेच मोजा. खाडीकाठच्या विहिरी दर वेळी सारख्याच भरतीला गाठा. उधाणाचं माप भांगाच्या दिवसांतल्या मापाशी ताडून काही उपयोग नाही.

खाडीचा मुद्दा गॅल्डिटवाल्यांनाही लागू आहे. किनाऱ्यापासूनचं अंतर समुद्राच्या रेषेपासून धरलं तर खारं पाणी घेऊन आत घुसणारी खाडी हिशेबातून सुटते, आणि कोकणात बऱ्याच गावांना पाणी मचूळ होण्याची भीती असते ती तिकडूनच.

एका गावाचा किंवा दोन-चार वाड्यांचा प्रश्न असेल तर, माझ्या अनुभवापुरतं बोलायचं झालं, मोजणीच करा. वाडीतली माणसं ‘यंदा चहा फाटतोय’ म्हणतात आणि तुमचा आकडाही तेच म्हणतो, तेव्हा पंपाचे तास कमी करा हे सांगणं सोपं जातं. तालुकाभर नकाशा हवाच असेल तर गॅल्डिट जरूर घ्या, पण आधी सर्वेक्षकाला बोलावून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तलचिन्हापासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेल्या खुणेपासून) प्रत्येक कठड्याची उंची काढून घ्या. तेवढा खर्च अंदाजपत्रकात बसत नसेल, तर निदान ‘एल’ अर्धा मीटर वर-खाली करून नकाशा दोनदा काढा आणि कुठल्या विहिरींचा रंग बदलतो ते अहवालात लिहा.