राजापूरचे खासदार सभागृहात काय बोलले? संसद डिजिटल लायब्ररीचा अनुभव

माजी रेल्वेमंत्री मधु दंडवत्यांचं नाव काढलं की कोकणात दोन गोष्टी हमखास निघतात: कोकण रेल्वे आणि रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर आलेली गादी. दोन्ही खऱ्या. पण राजापूर मतदारसंघाने १९७१ पासून सलग पाच वेळा ज्यांना लोकसभेत पाठवलं, ते तिथे उभे राहून काय बोलायचे, हे कुणी सांगत नाही. मी कुडाळला महाविद्यालयातल्या मुलांची वादविवाद स्पर्धांची तयारी करून घेते. मुलांना चांगल्या संसदीय भाषणाचा नमुना द्यायचा तर तो आपल्याच भागातला का नको, या हट्टातून मी संसदेच्या डिजिटल लायब्ररीकडे वळले आणि तिथेच रमले. तिच्याबद्दल लिहायचं कारण एवढंच की ही सोय फुकट आहे, कुणालाही खुली आहे, आणि आपल्याकडे ती वापरणारे फार थोडे आहेत.

इथे पहिल्या लोकसभेपासूनच्या कामकाजाचे छापील खंड स्कॅन करून ठेवले आहेत. दंडवत्यांसाठी पाचवी ते नववी लोकसभा बघायची. शोधताना आडनाव रोमन लिपीत टाकावं लागतं. नुसतं आडनाव टाकलंत तर सातव्या लोकसभेत प्रमिला दंडवतेही भेटतात. १९८० साली नवराबायको दोघेही निवडून आले होते, आणि हुंडाबंदीचा कायदा कडक व्हावा म्हणून प्रमिलाताईंनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं होतं. ते शोधाच. त्यांचं काम नवऱ्याच्या नावाखाली झाकलं जाणं मला मान्य नाही.

फाइल उघडली की आधी थोडं बिचकायला होतं. पानावर दोन रकाने, आणि क्रमांक पानांना नसून रकान्यांना. इंग्रजी तारखेच्या जोडीला शके तारीख. सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ. ही शेवटची पद्धत मला फार आवडते. प्रा. मधु दंडवते, कंसात राजापूर. प्रश्न विचारायला उठले की राजापूर, हरकतीचा मुद्दा काढला की राजापूर. १९७७ ला ते मंत्री झाले आणि ‘रेल्वेमंत्री’ हे पद आधी येऊन नाव कंसात गेलं. आता लोकसभेच्या नकाशात राजापूर नावाचा मतदारसंघच नाही, २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे. त्या खंडांमध्ये मात्र तो पानोपानी छापलेला आहे.

माझा सल्ला असा की एकटं भाषण वाचू नका, तो विषय धरून वाचा. मे १९७४ चा रेल्वे संप घ्या. त्या वेळी दंडवते विरोधी बाकांवर होते. तीन वर्षांनी तेच रेल्वेमंत्री झाले आणि संपात नोकरी गेलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं. आधी मागणी करणारा माणूस आणि मग उत्तर देणारा माणूस, दोघेही एकच. सरकारात गेल्यावर बोलणं बदलतं का, हे तपासायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही. मुलांना मी दोन्ही काळांतले उतारे देते आणि मुद्दे शेजारी शेजारी लिहायला लावते.

मग जून १९७७ चा रेल्वे अर्थसंकल्प. तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदोपत्री गेला होता, लाकडी फळ्या मात्र तशाच होत्या. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं, ही त्यांची भूमिका. त्यातून दोन इंच फोमची गादी आली आणि २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गभेद न ठेवता धावली. समाजवादावर व्याख्यान देणारे पुष्कळ झाले. हे सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे गृहस्थ होते, त्यांनी समाजवाद इंचांत मोजून दाखवला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या संसदीय कामाचं मर्म इथे आहे.

या संग्रहातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग म्हणजे जून १९७५ पासूनचा आणीबाणीचा काळ. पक्षांतरबंदी विधेयकाच्या संयुक्त समितीच्या कामासाठी दंडवते बंगळूरला गेले होते. २६ जूनला वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर त्यांनाही तिथेच अटक झाली. पुढे सुमारे दीड वर्ष ते तुरुंगात, प्रमिलाताई येरवड्यात. सभागृह मात्र चालू राहिलं. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी १९७५ ची ३९ वी आणि संसदेचे अधिकार वाढवणारी १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती याच काळातली. त्या चर्चा वाचताना कोण बोललं यापेक्षा कोण नाही, याकडे लक्ष जातं. कंसातलं राजापूर दिसत नाही. आणीबाणीवर मुलांशी बोलायला मी हेच खंड वापरते. अकरावीतली एक मुलगी पानं उलटत गेली आणि तिने विचारलं, “बाई, म्हणजे आपल्याकडून बोलायला तिथे कुणीच नव्हतं?” मी हो म्हटलं.

अर्थमंत्री दंडवत्यांचं १९ मार्च १९९० चं अर्थसंकल्पी भाषणही इथे मिळेल. शेतकरी आणि कारागिरांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी त्यात आहे. सोनं बाळगण्यावर आणि दागिने घडवण्यावर निर्बंध घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला तोही ते अर्थमंत्री असताना. १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी आणलेल्या सुवर्ण नियंत्रणाने गावोगावच्या सोनारांची घरं बसली. त्याच मोरारजींच्या मंत्रिमंडळात पुढे काम केलेल्या माणसाच्या हातून तो विषय संपला. अर्थमंत्री म्हणून त्यांना वर्षही मिळालं नाही, तेव्हा फार मोठे निष्कर्ष मी काढणार नाही. पण त्याच वर्षी जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि तिजोरीपाशी दंडवते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचे ७४१ किलोमीटर रूळ ही दोन माणसं एका वेळी दोन खात्यांत नसती तर आणखी किती लांबणीवर पडले असते, कोण जाणे.

वेळ असेल तर एक पिढी मागे जा. बॅ. नाथ पै, याच राजापूरचे, १९५७ पासून. गोलकनाथ खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९६७ मध्ये सहा विरुद्ध पाच असा लागला आणि मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार गेला. तो परत मिळावा म्हणून नाथ पैंनी एप्रिलमध्येच खासगी विधेयक आणलं. छोट्या पक्षाच्या एका सदस्याच्या विधेयकावर देश बोलत होता. लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बुडालं, जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार सरकारने परत आणला. त्यांच्याशी तुम्ही सहमत व्हा किंवा नका होऊ. मी स्वतः मूलभूत हक्कांच्या बाजूने झुकते. तरी ही चर्चा वाचायलाच हवी.

आता मर्यादा. बहुतेक सगळं इंग्रजीत, काही हिंदीत. मराठी माध्यमातल्या मुलाला सोबत कुणीतरी लागतं. एकेक फाइल म्हणजे अख्ख्या दिवसाचं कामकाज, त्यामुळे मोबाइलपेक्षा संगणकावर बसलेलं बरं. जुन्या छपाईचं स्कॅन सगळीकडे सारखं स्पष्ट नाही. आणि छापील पानात आवाज नसतो. गोंधळ झाला तिथे कंसात ‘व्यत्यय’ एवढाच शब्द, कामकाजातून काढलेल्या वाक्याच्या जागी नुसत्या चांदण्या. कुणीतरी नाथ पै आणि दंडवते यांच्या निवडक भाषणांचा नेटका मराठी अनुवाद शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचवावा, असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी साडेचार. एमपीएससी, यूपीएससी करणाऱ्यांनी, पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी आणि ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आलेल्यांनी जरूर वापरावी. सुरुवात भाषणांपासून न करता प्रश्नोत्तराच्या तासापासून करा. तिथे प्रश्न छोटे असतात, मंत्र्याला टाळाटाळ करायला जागा कमी असते, आणि मंत्र्याच्या उत्तरावर लगेच पुरवणी प्रश्न कसा विचारायचा हे दंडवत्यांकडून शिकता येतं.