‘४० पट ताकद’वाला हातविंच: पुळणीवर होडी ओढताना खरा फायदा किती?

पावसाळ्याआधी होडी वर ओढून शाकारायची, तर हा रॅचेटवाला हातविंच (हँडल फिरवून ड्रमवर तार गुंडाळत भार ओढणारा, उलटे फिरू न देणारा खटका असलेला) कामाचा आहे. फक्त खोक्यावरचे ‘४० पट’ जसेच्या तसे धरू नका.

हे ४० आले कुठून? हँडल २५० मिमी, ड्रमची त्रिज्या २५ मिमी, भागाकार १०. लहान चक्राला १३ दाते, मोठ्याला ५२, म्हणजे आणखी ४ पट. गणित बरोबर आहे, पण ते उघड्या ड्रमचे. ५ मिमी तार गुंडाळली की पहिल्याच थराला त्रिज्या तारेच्या मध्यापर्यंत मोजायची: २७.५ मिमी. गुणोत्तर ३६ वर येते. ड्रम ७० मिमी रुंद, म्हणून एका थरात १४ वेढे. सोबतची १० मीटर तार चौथ्या थरापर्यंत चढते. तिथे त्रिज्या ४२.५, गुणोत्तर २३.५. वर दाते आणि बुशांचे (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्यांचे) घर्षण. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर खरा यांत्रिक फायदा, म्हणजे हाताचा जोर किती पट होतो तो आकडा, सुरुवातीला २५ आणि शेवटी जेमतेम साडेसोळा.

गोम इथेच आहे. होडी पाण्याच्या कडेला असते तेव्हा तार बाहेर, ड्रम रिकामा, फायदा भरपूर. वर कोरड्या, भुसभुशीत वाळूत चढ लागतो तेव्हा ड्रम भरलेला. जोर जिथे हवा तिथेच कमी पडतो.

इंजिन उतरवलेली ४०० किलोची होडी घ्या. १:८ चढाचे ५० किलो, वाळूचा घर्षणगुणांक ०.५ धरून २०० किलो. एकूण ओढ २५०. चौथ्या थरावर हँडलला १५ किलो जोर, पहिल्यावर १०. खाली ओंडके घातले आणि घर्षण ०.१५ वर आले तर ओढ ११० किलोच. मग हँडल एका हाताने फिरते. विंचपेक्षा ओंडके जास्त काम करतात, हे विकणारा सांगणार नाही.

उपाय सोपा: तार पहिल्या दोन थरांतच ठेवा. साधारण पावणेपाच मीटर ओढायचे, होडीला अडण लावायची, तार आणि होडी यांच्यामध्ये बांधलेला नायलॉनचा दोर आखडून पुन्हा बांधायचा. होडीच्या कडीला हलती कप्पी लावली तर फायदा जवळपास दुप्पट होतो, पण पल्ला निम्मा. पूर्ण तारेला आधीच हँडलचे पावणेदोनशेच्या आसपास फेरे पडतात.

आपल्या विंचचा फायदा पडताळायचा तर होडीच्या कडीत मोठा ताणकाटा, हँडलच्या मुठीला छोटा, काटकोनात ओढलेला. दोन वाचनांचा भागाकार म्हणजे खरा फायदा. पंधराच्या खाली गेला तर आधी गिअर बघा: उघड्या दात्यांवरच्या ग्रीसमध्ये वाळू बसली की पॉलिश पेपरसारखी घासते. गोड्या पाण्याने धुवून, वाळवून मगच नवे ग्रीस. पत्र्याचे आच्छादन सोबत मिळत नाही, ते बनवून घ्यावे लागते.

खटक्याची स्प्रिंग साध्या पोलादाची आहे. खाऱ्या हवेत तीच आधी गंजते आणि खटका अर्धवट बसतो. स्टेनलेसची घाला. तारेचे शेवटचे तीन वेढे ड्रमवर राहू द्या, तारेचे टोक धरणाऱ्या नुसत्या क्लॅम्पवर ओढ देऊ नका. विंच माडाला बांधायचा तर रुंद पट्ट्याने, तारेने नको.

ब्रेक नाही. भार असताना खटका काढला की हँडल गरकन उलटे फिरते आणि मनगट मोडू शकते. होडी उतरवायला हा विंच वापरू नका. इंजिन उचलायला तर नकोच.